फुटबॉल क्लबसाठी राबणाऱ्यांचे आभार नेमके कसे मानावेत?

प्रश्न : तापीकाठचा सचिव (भुसावळ परिसर)

नमस्कार. भुसावळजवळच्या आमच्या गावात आम्ही गेली पंधरा वर्षे एक छोटा फुटबॉल क्लब चालवत आहोत. राज्याच्या किंवा देशाच्या कोणत्याही लीगमध्ये आम्ही नाही. जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या स्पर्धा, बारा आणि चौदा वर्षांखालील मुलांचा रोजचा सराव आणि मे महिन्यातले उन्हाळी शिबिर एवढाच आमचा पसारा आहे. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांमागे अख्ख्या पेठा उभ्या असतात. तशी परंपरा आमच्याकडे नाही, त्यामुळे क्लब जो काही चालतो तो दहा-बारा माणसांच्या बिनपगारी कष्टांवर चालतो. मैदान शाळेचे आहे. ते आम्हाला संध्याकाळी आणि रविवारी मिळते आणि उरलेल्या वेळी तेथे क्रिकेट, लग्नाचे मांडव, सभा असे सगळे काही होत असते.

या दहा-बारा जणांत एक आबा आहेत. ते रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. सामन्याच्या दिवशी ते सकाळी साडेपाचला मैदानावर येतात. आदल्या दिवशी मांडव उठला असेल, तर जुन्या स्पीकरचे गोल लोहचुंबक सुतळीला बांधून ते सगळ्या मैदानावरून ओढत नेतात, म्हणजे मातीत राहिलेले खिळे त्याला चिकटून येतात. बांबूंचे खड्डे ते स्वतः माती टाकून धुमसाने ठोकतात. त्यानंतर आखणी. त्यासाठी त्यांनी स्वतः तयार केलेली एक सुती दोरी आहे, तिला साडेपाच मीटरवर पिवळी, ९.१५ मीटरवर हिरवी, ११ मीटरवर लाल आणि १६.५ मीटरवर निळी चिंधी बांधलेली आहे. काटकोन जुळवायला ते तीन-चार-पाचचा हिशोब वापरतात आणि एकदा खुंट्या ठोकल्या की रेषा बोटभरही हलत नाही.

गेल्या महिन्यात आमचा वर्धापनदिन झाला. मंच उभारला होता, पाहुणे आले होते, शाली आणि श्रीफळे झाली, भाषणे पाऊण तास चालली. शेवटी आभारप्रदर्शनात मी नेहमीप्रमाणे म्हणालो की या कार्यक्रमासाठी झटलेल्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे मी आभार मानतो. आबा त्या वेळी मंचाच्या मागे गोलपोस्टची जाळी बांधत होते. कार्यक्रम आटोपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "भाऊ, पंधरा वर्षे झाली. मी अजून अज्ञातच आहे का?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने दोरीची पिशवी माझ्या घरी आणून दिली.

पुढच्या रविवारी आखणी आम्ही केली. चिंध्यांचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. मुलांनी लाल चिंधीऐवजी हिरवी धरून पेनल्टी स्पॉट, म्हणजे पेनल्टी किक जेथून मारतात तो ठिपका, मारला. पंचांनी गोलरेषेपासून बारा पावले टाकली तेव्हा ठिपका दोन पावले मागे राहिला. मग पुसापुशी, पुन्हा मोजणी, आणि सामना वीस मिनिटे उशिरा सुरू झाला.

चूक माझी आहे आणि ती मला मान्य आहे. माझा प्रश्न आबांची समजूत कशी काढावी एवढाच नाही. ज्यांना आपण एक रुपयाही देऊ शकत नाही, अशा माणसांचे आभार मानण्याची योग्य रीत कोणती, आणि आपापल्या क्लबात तुम्ही ती कशी पाळता, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर : माजी गोलरक्षक, धुळे

सचिवसाहेब, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिले याबद्दल आदर वाटला. मी बावीस वर्षे गोलरक्षक म्हणून खेळलो आणि आता आमच्या क्लबचे किट सांभाळतो, त्यामुळे मैदानाच्या आणि मोरीच्या अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. आबा रेषा कशाने मारतात हे तुम्ही लिहिलेले नाही. आमच्याकडे पूर्वी चुन्याची भुकटी वापरत असत. चुना ओला झाला की कातडी भाजतो. मी एकदा कोपऱ्यातला चेंडू अडवायला गोलरेषेवर झेप घेतली आणि पावसाने भिजलेला चुना डोळ्यात गेला. दोन दिवस मला तो डोळा उघडता आला नाही. पण खरे नुकसान माझे झाले नाही, ते आखणी करणाऱ्या दादांचे होत होते. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि त्या आम्हाला कित्येक वर्षे दिसल्याच नाहीत, कारण सामना सुरू होण्याच्या वेळी ते हात धुऊन झाडाखाली बसलेले असत. नंतर आम्ही चुना बंद करून खडूची भुकटी आणली, रबरी हातमोजे आणले आणि भुकटी सोडण्यासाठी लोहाराकडून चाकाची एक पेटी करून घेतली, म्हणजे वाकायला लागत नाही. दादांनी ती पेटी पहिल्यांदा ढकलली तेव्हा मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते न थांबता गेले. त्यांचा सत्कार आम्ही आजवर केलेला नाही, आणि त्यांनी तो मागितलेलाही नाही.

किटचेही तसेच आहे. सामना संपला की चिखलाने माखलेल्या सोळा-अठरा जर्सी एका पोत्यात भरून कोणाच्या तरी घरी जातात. आमच्या क्लबात ते घर माझे होते आणि धुणारे हात माझ्या पत्नीचे होते. आपल्याकडची काळी माती कापडातून एका धुण्यात निघत नाही, आधी भिजत घालावे लागते, मग काखेत आणि गुडघ्यांवर घासावे लागते. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे काम म्हणजे घरच्या पाण्यातून क्लबला दिलेली वर्गणीच आहे, हे मला ती आजारी पडून मी स्वतः धुवायला बसलो तेव्हा कळले. आता ज्याची जर्सी त्याने धुवायची असा नियम आहे, आणि पंधरा वर्षांचा मुलगा असला तरी त्याच्या आईने नव्हे, त्याने स्वतः धुवायची.

म्हणून माझे म्हणणे असे की आभार मानण्याआधी त्या माणसाचे काम एकदा स्वतःच्या हातांनी करून पाहावे. त्यानंतर काय म्हणायचे ते आपोआप सुचते.

उत्तर : हिशोबनीस, जळगाव

मी एका क्रीडा मंडळाचे हिशोब अनेक वर्षे पाहत आलो आहे, त्यामुळे पैशाच्या आणि कागदाच्या बाजूने लिहितो. ही बाजू कोरडी वाटेल, परंतु माणसे दुखावतात ती बहुधा येथेच.

बिनपगारी काम म्हणजे बिनखर्ची काम नव्हे. जो कार्यकर्ता संघाला सामन्यासाठी अमळनेरला किंवा चाळीसगावला आपल्या गाडीने घेऊन जातो, तो डिझेल स्वतः भरतो. जो सकाळी पाण्याचे जार आणतो, तो ते पैसे खिशातून देतो. परत मागायला त्याला संकोच वाटतो आणि आपण विचारत नाही. अशी रक्कम दर वेळी शे-दोनशेची असते, पण वर्षाकाठी ती किती होते हे आम्ही एकदा सर्वांना विचारून लिहून काढले, तेव्हा आमच्या वार्षिक वर्गणीच्या जवळपास निम्मी रक्कम चार माणसांच्या खिशातून गेल्याचे दिसले. त्या चौघांपैकी एक जण रोजंदारीवर जाणारा होता. तेव्हापासून मंडळाकडे पाच हजार रुपयांची किरकोळ रोकड वेगळी ठेवलेली असते, प्रत्येक खर्चाचे व्हाउचर होते आणि पैसे त्याच आठवड्यात परत दिले जातात. घेणाऱ्याला नको असेल तर त्याने ते देणगी म्हणून पावतीवर जमा करावेत, म्हणजे त्याचे नाव देणगीदारांच्या यादीत येते. पूर्वी ते कोठेच येत नसे.

दुसरी बाब नोंदणीची. बहुतेक क्लब संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली नोंदलेले असतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, दाखल करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो राहून जातो. मग जो खजिनदार सहा वर्षांपूर्वी काम सोडून पुण्याला गेला, त्याचेच नाव दप्तरी राहते आणि हिशोबाची विचारणा आली की नोटीस त्याच्या घरी जाते. आमच्याच मंडळात हे घडले. ज्या माणसाने वही-पेन सुद्धा कधी मंडळाच्या पैशाने घेतले नाही, त्याला म्हातारपणी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. निरोप समारंभात आम्ही त्याला घड्याळ दिले होते. घड्याळाऐवजी तो अर्ज वेळेवर दिला असता, तर त्याच्या मनात मंडळाविषयी आजही प्रेम राहिले असते.

उत्तर : क्रीडाशिक्षिका, नंदुरबार

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, तरीही सत्काराला इतके कमी लेखू नये असे मला वाटते. शहरातल्या माणसाला शाल म्हणजे कपाटात पडून राहणारी वस्तू वाटते. आमच्याकडे एका पालकांनी सलग आठ वर्षे मुलांना सरावाला पोहोचवले. मागच्या वर्षी आम्ही त्यांना मंचावर बोलावले, तेव्हा त्यांची सून आणि नातवंडे खुर्चीवर उभी राहून पाहत होती. ती शाल त्यांच्या घरात देवघराशेजारच्या खुंटीवर आहे. फरक एवढाच की आम्ही त्यांचे पूर्ण नाव घेतले आणि त्यांनी केलेले काम दोन वाक्यांत सांगितले. सचिवांच्या कार्यक्रमात शाल चुकीची नव्हती, ती फक्त चुकीच्या खांद्यावर गेली.

आणखी एक वर्ग आपण विसरतो तो तरुण मुलींचा. आमच्या क्लबात खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी एक महाविद्यालयीन मुलगी करते. भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या केंद्रीय प्रणालीत प्रत्येक मुलाची माहिती भरायची, जन्मदाखला आणि छायाचित्र चढवायचे, नावाचे स्पेलिंग आधारकार्डाशी जुळत नसेल तर पालकांना पुन्हा फोन करायचा. अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवरच्या मुलांचे दाखले मिळवण्यात तिचे कितीतरी दिवस गेले. हे काम मैदानावर दिसत नाही, म्हणून ते काम आहे असेच कोणाला वाटले नव्हते. तिला नोकरीसाठी अर्ज करायचा होता तेव्हा आम्ही क्लबच्या नावाच्या कागदावर तिने काय काय केले याचे सविस्तर प्रमाणपत्र दिले. तिने सांगितले की तिच्या हाती पडलेला हा पहिला कागद होता ज्यावर ती काय करू शकते हे लिहिलेले होते. तरुणांना असा कागद द्यावा, तो त्यांना उपयोगी पडतो.

उत्तर : मूळ चोपडा, सध्या इंग्लंड

नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून येथे आहे आणि दर शनिवारी घराजवळच्या एका नॉन-लीग क्लबाच्या मैदानावर जातो, म्हणून थोडे लिहितो. इंग्लंडच्या वरच्या चार स्तरांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या खाली, म्हणजे पाचव्या स्तरावरच्या नॅशनल लीगपासून थेट गावातल्या मैदानांपर्यंत जे काही खेळले जाते त्याला नॉन-लीग म्हणतात. तेथले अनेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात, आणि दारावर तिकीट फाडणारा, चहाची टपरी चालवणारी, गवत कापणारा आणि सामन्याची पुस्तिका छापणारा हे सगळे बहुधा बिनपगारीच असतात. यांच्या बळावर काय होऊ शकते याचे मोठे उदाहरण म्हणजे एएफसी विंबल्डन. विंबल्डनचा जुना क्लब दूरच्या शहरात हलवण्याला परवानगी मिळाली, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब उभा केला, बऱ्याच खालच्या स्तरावरच्या स्थानिक लीगपासून सुरुवात केली आणि नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार स्तरांत, नेला.

आभार मानण्याच्या दृष्टीने येथली एक पद्धत मला फार आवडली. २०१० पासून येथे नॉन-लीग दिन पाळला जातो. राष्ट्रीय संघांच्या सामन्यांमुळे मोठे क्लब खेळत नाहीत असा शनिवार त्यासाठी निवडतात, म्हणजे मोठ्या क्लबांचे प्रेक्षक त्या दिवशी आपल्या जवळच्या छोट्या मैदानावर जाऊ शकतात. छोट्या क्लबासाठी त्या दिवशीची गर्दी आणि विकला गेलेला चहा यांना फार किंमत असते. येथले हवामान आणि पैसा वेगळा आहे, त्याची नक्कल करून चालणार नाही. पण आपल्याकडे आयपीएल संपल्यानंतरचा एखादा रविवार, पहिला पाऊस पडून गेलेला असताना, गावाला मैदानावर बोलावण्यासाठी का निवडू नये?

मी ज्या मैदानावर जातो तेथे कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर एक फळा आहे. त्यावर त्या दिवशीची सगळी कामे आणि समोर माणसांची नावे खडूने लिहिलेली असतात. एखाद्या कामासमोर जागा रिकामी दिसली की येणारा-जाणारा कोणीतरी आपले नाव लिहितो. माझेही नाव असेच एका शनिवारी त्या फळ्यावर गेले आणि तेव्हापासून सामना संपल्यावर कोपऱ्यातले झेंडे काढून आणण्याचे काम माझ्याकडे आहे. परक्या देशात कोणीतरी माझे नाव बरोबर लिहिले, याचा आनंद त्या दिवशी घरी फोन करून सांगितला होता.

पुन्हा सचिव

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे वाचून मी परवा संध्याकाळी आबांच्या घरी गेलो. जाताना शाल घेतली होती, ती पिशवीतच राहू दिली. मी आधी माफी मागितली. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी हात पुढे केले आणि मी ते पहिल्यांदा नीट पाहिले. धुळ्याच्या गोलरक्षकांनी लिहिले आहे तशाच भेगा होत्या. आम्ही चुनाच वापरतो. पंधरा वर्षांत मी तो कितीदा तरी पोत्याने आणून दिला आहे.

त्यांना काय हवे आहे असे मी विचारले. त्यांनी सत्काराचे नावही काढले नाही. ते म्हणाले की दोरी एकट्याने धरताना खुंटी ठोकायची, पळत दुसऱ्या टोकाला जायचे, ताण द्यायचा, परत यायचे, असे शंभर मीटरच्या मैदानात किती फेऱ्या होतात ते एकदा मोज. दोरीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी यावे एवढेच त्यांचे मागणे होते, आणि हे मागणे त्यांनी पूर्वी दोनदा माझ्याकडे केले होते. मला ते आठवत नव्हते. ते म्हणाले म्हणून आता आठवते आहे.

या रविवारी मी स्वतः आणि चौदा वर्षांखालील संघातली दोन मुले साडेपाचला मैदानावर होतो. आबांनी चिंध्यांचे रंग मुलांकडून पाठ करून घेतले. त्यांच्यातल्या एकाने विचारले की ९.१५ असा विचित्र आकडा कशाला. आबांनी सांगितले की ते मूळचे दहा यार्ड आहेत, आणि मग मधल्या वर्तुळाची त्रिज्या, फ्री किकच्या वेळी प्रतिस्पर्ध्याने ठेवायचे अंतर आणि पेनल्टी स्पॉटपासूनची कमान हे सगळे त्याच एका हिरव्या चिंधीने कसे निघते ते आखून दाखवले. मी पंधरा वर्षे सचिव आहे, मला हे माहीत नव्हते.

खडूची भुकटी आणि हातमोजे या आठवड्यात घेत आहे. चाकाच्या पेटीचे माप धुळ्याच्या गोलरक्षकांनी कळवले तर आमच्या लोहाराकडे लगेच टाकतो. किरकोळ रोकड वेगळी काढण्याचा ठराव पुढच्या सभेत ठेवतो, आणि चेंज रिपोर्टचे पाहिले तर आमचाही मागच्या निवडीनंतरचा अर्ज राहिलेला आहे, तो आधी करतो. फळा शाळेने दिला आहे. हिवाळ्यात एका कार्यकर्त्याच्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत ठरला आहे. त्यात वांगी भाजायला, ठेचायला आणि वाढायला खेळाडू आणि कार्यकारिणी असेल, आणि जे वर्षभर राबतात ते पहिल्या पंगतीला बसतील.

आबा पुढच्या रविवारी येणार आहेत. मला त्यांनी पाच वाजता बोलावले आहे, कारण शनिवारी मैदानावर लग्न आहे आणि खिळे जास्त निघतील.